हेलिकॉप्टर मागण्याआधी जाळरेषा पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वणव्यांवरचा आपला अग्रलेख वाचला. त्यातली तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्यात तीन उपाय सुचवले आहेत: आग विझवायला हेलिकॉप्टर, आग लावणाऱ्याला जबर शिक्षा आणि जळालेल्या जागेवर तातडीने वृक्षारोपण. तिन्ही आग लागल्यानंतरचे. मी वनरक्षक म्हणून नोकरीला लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. दरवर्षीचा उन्हाळा या ना त्या आगीच्या मागे गेला. निवृत्तीनंतर इतर देशांतल्या आगींबद्दल मिळेल ते वाचत आलो. त्या सगळ्यातून माझं एकच सांगणं आहे. आग किती मोठी होणार हे ती लागण्याच्या तीन-चार महिने आधी ठरलेलं असतं, आणि त्या महिन्यांत जंगलाकडे ना वर्तमानपत्राचं लक्ष असतं, ना तिजोरीचं. पत्र लांबलंय. काटछाट करायचीच झाली तर कुठेही करा, मजुरांविषयीचा भाग मात्र राहू द्या.

आधी हेलिकॉप्टर. खाली लोंबणाऱ्या बादलीत तीन हजार लिटर पाणी आहे असं धरू. शंभर मीटर लांब आणि दहा मीटर रुंद पट्ट्यावर ते अगदी सारखं पसरलं, तर हिशेब होतो तीन मिलिमीटर पावसाचा. तेही कागदावर. प्रत्यक्षात बरंचसं पाणी झाडांच्या शेंड्यांवर अडतं, काही वाऱ्याबरोबर भलतीकडे जातं आणि उरलेल्याची धगीने वाफ होते. त्या पाण्याने ज्वाळा बसतात, हे खरं. त्या बसलेल्या थोड्या वेळात माणसं आत शिरली, दंताळ्याने पाला मागे ओढला, जमीन उघडी केली, धुमसणारे ओंडके फोडून थंड केले, तरच त्या फेरीचा उपयोग. माणसं नसतील तर दुपारच्या वाऱ्याला तीच आग पुन्हा उठते. 2016 मध्ये उत्तराखंडात आणि 2019 मध्ये बंदीपूरला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. त्यांची मदत झाली, नाकारत नाही. पण दोन्हीकडे जमिनीवर माणसं झगडतच होती, आणि त्यांचे फोटो मात्र फारसे छापून आले नाहीत.

यंत्रांच्या बळावर आग विझते असं ज्यांना वाटतं त्यांनी यलोस्टोनचं 1988 साल पाहावं. अमेरिकेसारखा देश, हजारो जवान, विमानं, पैशांची ददात नाही. तरी त्या राष्ट्रीय उद्यानाचा 36 टक्के भाग आगीच्या टापूत आला. शेवटी जोर मोडला तो सप्टेंबरमध्ये पडलेल्या पावसाने आणि बर्फाने.

आग विझवणाऱ्यांचा एक साधा हिशेब असतो. ज्वाळा साधारण 1.2 मीटरपर्यंत, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीच्या जरा खाली असतील, तर हातात अवजार घेतलेला माणूस आगीच्या तोंडाशी काम करू शकतो. 2.4 मीटरपर्यंत बुलडोझर किंवा पाण्याचे बंब लागतात. साडेतीन मीटरच्या आसपास गेल्या की तोंडाशी जाणं व्यर्थ. मग मागून आणि बगलांकडून आवळत यायचं आणि वारा पडण्याची वाट पाहायची. म्हणजे सगळा प्रश्न ज्वाळांची उंची कशावर ठरते हा आहे. ती ठरते तीन गोष्टींवर: हवा, उतार आणि जळण. हवा आपल्या हातात नाही. डोंगर सपाट करता येत नाही. उरलं जळण.

जळण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झाडं येतात. वणवा चालतो तो मात्र गवत, पाला, काटक्या अशा बारीक जळणावर. वाळलेली गवताची काडी हवेतला ओलावा तासाभरात घेते आणि तासाभरात सोडते. मनगटाएवढ्या जाडीच्या फांदीला काही दिवस लागतात, मोठ्या ओंडक्याला महिना-दीड महिना. म्हणून पहाटे काडी पेटता पेटत नाही आणि त्याच दिवशी दुपारी दोनला तेच कुरण माणसाला पळता भुई थोडी करतं. आम्ही मूठभर पाला उचलून चुरगाळून पाहायचो. मऊ पडला तर ठीक, कुरकुरला तर सावध. पुढे यंत्रं आली, आर्द्रता टक्क्यांत कळू लागली, तरी ही सवय गेली नाही. अनेक देशांत ‘तीस-तीस-तीस’ असा एक ठोकताळा सांगतात: तापमान 30 अंशांच्या वर, हवेतली आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी 30 किलोमीटरच्या पुढे. तिन्ही एका दिवशी जुळली की त्या दिवशी ठिणगीसुद्धा नको. तापमान वाढत चाललंय तसे असे दिवस वाढताहेत. त्यावर आपल्या अग्रलेखात पुरेसं आलं आहे, मी पुन्हा सांगत नाही.

आता कारणांकडे येतो. अग्रलेखात ‘बांबू एकमेकांवर घासून नैसर्गिकरीत्या वणवे लागतात’ असं वाक्य आहे. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि शाळेत बहुधा तुम्हीही ऐकलं असेल. माझ्या नोकरीत अशी लागलेली आग मी पाहिली नाही, पाहिलेला माणूसही भेटला नाही. निसर्गातली खरी आग वीज लावते. ऑगस्ट 2020 मध्ये कॅलिफोर्नियात पावसाशिवाय नुसत्या विजा कोसळल्या आणि काही दिवसांत शेकडो आगी लागल्या. कॅनडाच्या आणि सायबेरियाच्या उत्तरेकडच्या जंगलांतही वीज हे मोठं कारण आहे. आपल्याकडे वीज बहुतेक वेळा पाऊस घेऊनच येते. तेव्हा फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दुपारी लागलेल्या आगीला निसर्ग जबाबदार धरणं म्हणजे चौकशी टाळणं. पंचनाम्यात मात्र ‘नैसर्गिक’ किंवा ‘अज्ञात’ लिहून टाकणं सोपं पडतं. मी हे कागद बाहेरून पाहिलेले नाहीत, एवढं सांगितलं तरी पुरे.

माणूस आग लावतो म्हणजे कोण लावतो? अग्रलेख म्हणतो, ‘समाजकंटक’. असतीलही काही. पण बहुतेक आगींमागे एखादं काम असतं. गुरं-मेंढ्या राखणारा जुनं राठ गवत जाळतो, कारण त्यानंतर कोवळा फुटवा येतो. झाडाखाली पडलेली फुलं-फळं वेचणारा पाला जाळतो, कारण स्वच्छ जमिनीवर वेचणं सोपं. शेतकरी बांध जाळतो आणि वारा फिरतो. सहलीला आलेला चूल विझवल्यासारखी करून निघून जातो. वीजवाहिन्या वाऱ्यात एकमेकींना भिडतात किंवा तुटून गवतावर पडतात. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव 8 नोव्हेंबर 2018 रोजी जळालं आणि त्या आगीत 85 माणसं गेली, ती आग वीजवाहिनीतल्या बिघाडाने लागली होती. यातल्या प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर लागतं. मेंढपाळाशी हंगामाआधी बसून बोलावं लागतं, वीज कंपनीला तारांखालचा पट्टा साफ करायला लावावा लागतो, सहलीवाल्याला त्या काळात आत सोडायचं नसतं. सगळ्यांना एकच शब्द लावला की उत्तरही एकच उरतं, शिक्षेचं.

शिक्षेची तरतूद नाही असंही नाही. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या 79व्या कलमानुसार, वनात हक्क असणाऱ्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. एकीकडे कायदा गावकऱ्याला मदतीला बोलावतो आणि दुसरीकडे खबर द्यायला आलेल्याचीच पहिली उलटतपासणी होते, ‘तू तिथे काय करत होतास?’ एकदा हा प्रश्न विचारला की त्या गावातून पुढची पाच वर्षं कोणी खबर आणत नाही. आता उपग्रह आहेत. भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना देतं, मोबाइलवर संदेश येतो, ही मोठी सोय झाली. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या 375 मीटरचा असतो. डोंगराच्या कुशीत सकाळी लागलेली लहान आग त्याला कळेपर्यंत दुपार होते. गुराख्याला ती धुराची पहिली रेघ उठतानाच दिसते.

आग लागण्याच्या तीन-चार महिने आधी सगळं ठरतं असं सुरुवातीला म्हटलं, त्या थंडीच्या महिन्यांतलं काम म्हणजे काय, हे आता सांगतो, कारण ते वर्तमानपत्रात कधी येत नाही. पावसाळा संपून गवत पिवळं पडू लागलं की जाळरेषा काढायच्या. जाळरेषा म्हणजे जंगलाचे तुकडे पाडणारा मोकळा पट्टा. आधी गवत कापायचं, ते वाळू द्यायचं आणि मग हवा थंड आणि वारा मंद असताना, दोन्ही कडांना माणसं उभी करून तो पट्टा जाळून घ्यायचा. त्यानंतर पानगळ सुरू होते आणि साफ केलेल्या पट्ट्यावर पुन्हा पाला पडतो, तो झाडून काढायचा. आता हवा फेकणारे ब्लोअर आलेत, पूर्वी फांद्यांचे झाडू होते. हे एकदा करून भागत नाही. डिसेंबरात केलेली आणि मार्चमध्ये न पाहिलेली जाळरेषा नकाशावर असते, जमिनीवर नसते. आणि नेमकं हेच होतं. काढण्याचा निधी उशिरा येतो, कधी कधी गवत कडकडीत वाळल्यावर येतो. तेव्हा पट्टा जाळायला जाणं म्हणजे आपणच वणवा लावणं. मग कापून ठेवायचं, फोटो काढायचा आणि काम झालं म्हणून लिहायचं.

दुसरं काम जास्त वादग्रस्त आहे. काही जंगलांत आणि बहुतेक गवताळ प्रदेशांत, हंगामाच्या सुरुवातीला मुद्दाम, थोडी थोडी, ठिपक्याठिपक्यांनी आग लावावी लागते. हे वाचून अनेकांच्या भुवया चढतील. पण आगच नको म्हणून ठरवल्यावर काय होतं याचा प्रयोग अमेरिकेने करून झाला आहे. 1910 च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं, त्यात आग विझवणारी कित्येक माणसं मेली. त्या धक्क्यातून तिथल्या वनखात्याने आग हाच शत्रू मानला. 1935 मध्ये नियम झाला: दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. हा नियम कित्येक दशकं चालला आणि बऱ्याच अंशी यशस्वीही झाला. ज्या पाइनच्या जंगलांतून काही वर्षांच्या अंतराने बुटकी आग फिरून जायची, तिथे ती फिरेनाशी झाली. जमिनीवर पाला साठला, मोठ्या झाडांखाली लहान झाडांची दाटी झाली आणि जमिनीवरच्या ज्वाळेला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळाली. 1970 च्या दशकात तो नियम सोडून दिला, पण साठलेलं जळण नियम बदलल्याने जात नाही. सिकोयाची महाकाय झाडं हजारो वर्षं आगी सोसत उभी होती. 2020 आणि 2021 च्या आगींत त्यातली हजारो मेली.

याउलट उत्तर ऑस्ट्रेलियात पश्चिम आर्नहेम लँडमध्ये तिथले मूळ रहिवासी 2006 पासून एका संघटित कार्यक्रमाखाली कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच, गवतात अजून ओल असताना, लहान लहान आगी लावतात. त्या रात्रीच्या दवाने आपोआप विझतात. मागे जळालेल्या आणि न जळालेल्या तुकड्यांची गोधडी उरते, आणि हंगामाच्या शेवटी लागणारी मोठी आग त्या जळालेल्या तुकड्यांवर येऊन अडते. एकूण धूर आणि कार्बनही कमी होतो, त्याचे पैसेही त्यांना मिळतात. ही पद्धत त्यांच्या पूर्वजांचीच. वसाहतीच्या काळात ती मोडली होती.

यात धोका आहे आणि तो लपवून हा मुद्दा मांडणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. 2022 च्या एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोत वनखात्याने ठरवून लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. तिला दुसरी येऊन मिळाली. ती तर जानेवारीत पेटवलेल्या लाकडाच्या ढिगांतली होती: बर्फाखाली तीन महिने धुमसत राहिली आणि वसंतात वर आली. मिळून सुमारे 1 लाख 38 हजार हेक्टर जळालं. म्हणून ठरवून आग लावायची तर हवा, आर्द्रता, माणसं, पाणी आणि माघारीची वाट यांचा हिशेब आधी कागदावर हवा. त्यातलं एक जरी जुळलं नाही तर त्या दिवशी घरी परत जाण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला हवा. वरून ‘उद्दिष्ट पूर्ण करा’ असा फोन येत असेल तर हे काम करूच नये.

आणि हे सगळीकडे करायचं नाही. इथेच घोटाळा होतो. सदाहरित, ओलं जंगल आगीला सरावलेलं नसतं. ॲमेझॉनमध्ये घोट्याएवढ्या ज्वाळांची सरपटती आगसुद्धा पातळ सालीची मोठी झाडं मारते, आणि एकदा आग शिरली की छप्पर विरळ होऊन पुढची आग अधिक सहज शिरते. तिथे आग बाहेरच ठेवायची. सवाना आणि गवताळ प्रदेशांचं उलटं. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो, वरची पाती जळून गेली तरी तो फुटतो. अमेरिकेत कॅन्ससमधल्या कोंझा गवताळ प्रदेशात 1970 च्या दशकापासून वेगवेगळ्या तुकड्यांना दर वर्षी, दर दोन वर्षांनी, दर चार वर्षांनी आणि वीस वर्षांनी आग देऊन तुलना चालू आहे. जिथे दीर्घकाळ आग गेली नाही, तिथे झुडपांनी आणि झाडांनी गवत हटवलं. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात असे तुलनेचे तुकडे 1954 पासून आहेत. त्यामुळे ‘आग चांगली की वाईट’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कुठली जमीन, कुठला महिना, किती वर्षांनी, हे सांगा, मग बोलू.

वृक्षारोपणाचं म्हणाल तर गवताळ जागेला पडीक समजून तिच्यावर दाटीने झाडं लावणं हा मला सर्वांत महागडा उपाय वाटतो. गवत आपल्या जागी, वर एकाच जातीची, चटकन पेट घेणारी झाडं, आणि देखभालीचा निधी पहिल्या काही वर्षांनंतर बंद. पोर्तुगालमध्ये शेती सोडून लोक शहरांत गेले, शेतांच्या जागी निलगिरी आणि पाइन उभे राहिले. जून 2017 मध्ये पेद्रोगाव ग्रांद भागात 66 जण मेले, त्यातले बरेचसे रस्त्यावर, पळून जाताना मोटारींत. त्यानंतर त्या देशाने रस्त्यांच्या आणि घरांच्या कडेचं जळण साफ करण्याची सक्ती कडक केली आणि खर्चातला प्रतिबंधाचा वाटा वाढवला. हवाईमधल्या लाहेना गावाभोवती उसाचे मळे बंद पडले आणि तिथे बाहेरून आलेलं उंच गवत माजलं. ऑगस्ट 2023 मध्ये सुमारे शंभर माणसं मेली. दोन्ही ठिकाणी राखणारा माणूस जमिनीवरून निघून गेला होता.

जळालेल्या जागेवर लगेच खड्डे खणू नका. पहिला पाऊस पडू द्या, बुंध्यांना फुटवे येतात का पाहा. बऱ्याचदा जंगल स्वतःच उभं राहतं आणि आपण खड्डे खणून त्याचे कोंब तुडवतो. घाई करायचीच तर उतारावरच्या मातीची करा. कडक आगीनंतर मातीचा वरचा थर पाणी शोषत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात डोंगर खाली येतो. कॅलिफोर्नियात माँटेसिटो इथे जानेवारी 2018 मध्ये 23 जण चिखलाच्या लोंढ्यात गेले. डोंगरावरची आग महिनाभरापूर्वीचीच होती. आडवे ओंडके, दगडांचे छोटे बांध, गुरांना काही काळ बंदी. हे काम रोपवाटिकेच्या उद्घाटनाइतकं देखणं दिसत नाही.

आता मजुरांविषयी. आग विझवायला जाणाऱ्यांत कायम नोकरीतले थोडे, हंगामी मजूर जास्त. पायात चप्पल, अंगात टेरिकॉटचा शर्ट, हातात ओली फांदी. कृत्रिम धागा धगीने वितळतो आणि कातडीला चिकटतो. जाड सुती कपडे आणि बूट ही चैन नव्हे. कार्ल विल्सन या अमेरिकी संशोधकाने 1977 मध्ये आग विझवताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला तेव्हा काय आढळलं? बरेच मृत्यू लहान आगींत किंवा मोठ्या आगीच्या शांत वाटणाऱ्या कोपऱ्यात झाले होते. जळण होतं गवत आणि झुडपं. वारा अचानक फिरला होता किंवा आग चढावर धावली होती. नेमकी तीच परिस्थिती, जिला आपण ‘साधी गवताची आग’ म्हणतो. उताराचा ठोकताळा सांगतो: दर दहा अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट. वीस अंशांच्या चढावर चौपट. माणसाचा वेग मात्र चढावर कमी होतो. 2018 च्या मार्चमध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरावर वीसहून अधिक पदभ्रमंती करणारे गेले, ते अशाच वाळक्या गवताच्या उतारांवर.

त्यावरून आठवलं. अग्रलेखाच्या आदल्या दिवशी पहिल्या पानावर आपण वणव्याचा फोटो छापला होता. छान फोटो आहे, पण तो आगीच्या वरच्या अंगाला, घळीच्या तोंडाशी उभं राहून काढलेला दिसतो. घळ म्हणजे आगीचं धुराडं. आपल्या छायाचित्रकाराला सांगा, आगीच्या वर कधी उभं राहायचं नाही. बगलेला, आधीच जळून गेलेल्या काळ्या भागाजवळ राहायचं आणि मागची वाट मोकळी आहे ना ते पाहूनच कॅमेरा काढायचा. आमच्या नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो: संकट आलं तर काळ्यात शिरा, जळून गेलं तिथे पुन्हा जळायला काही नसतं. आणि प्रत्येक टोळीत एक माणूस असा ठेवायचा ज्याने आग विझवायचीच नाही, फक्त वारा आणि वरचा डोंगर पाहायचा. हजेरीपटावर असा माणूस दाखवला की वरिष्ठ विचारतात, हा नुसता उभा का?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 च्या अहवालात म्हटलं आहे की आगींवरचा दोन तृतीयांश खर्च नियोजन, प्रतिबंध, तयारी आणि नंतरची सावरासावर यांवर व्हावा आणि एक तृतीयांश विझवण्यावर. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक पैसा विझवण्यात जातो आणि नियोजन-प्रतिबंधाला एक टक्काही मिळत नाही, असंही तोच अहवाल सांगतो. हेलिकॉप्टरची मागणी करताना ते पैसे कुठून वळवले जातील, याचा विचार आपण केला असावा असं वाटत नाही. जाळरेषेचा निधी कापणं सगळ्यांत सोपं असतं, कारण न लागलेल्या आगीचा फोटो कोणाकडेच नसतो.

म्हणून आपल्याकडे मागणं एवढंच. पुढच्या वेळी वार्ताहर मार्चमध्ये पाठवू नका, डिसेंबरात पाठवा. त्याच्या हातात थोडे प्रश्न द्या. नकाशावरच्या जाळरेषांपैकी किती प्रत्यक्ष चालून पाहिल्या? त्या जाळायचा निधी कोणत्या तारखेला आला? पानगळीनंतर त्या पुन्हा झाडल्या जाणार आहेत का, आणि कोण झाडणार? वीजवाहिन्यांखालचं गवत कापलंय का? गावांशी, मेंढपाळांशी बैठक झाली का, आणि झाली असेल तर त्यात गावातलं कोण बोललं? हंगामी मजुरांना बूट मिळाले का? हे सगळं कार्यालयात विचारा. पण एक प्रश्न मजुरांच्या वस्तीवर जाऊनच विचारायला सांगा: गेल्या उन्हाळ्याची मजुरी हातात पडली का?

आपला,
एक निवृत्त वनपाल